‘मला नाही फिरायला आवडत’ : कोचीची सहल आणि लघवीवरचा ताबा

दिवाळी संपली की माझ्या दवाखान्यात एक ठरलेला प्रश्न सुरू होतो. "डॉक्टर, सहलीला चाललोय, बरोबर कुठल्या गोळ्या ठेवू?" मग मी उलटीची गोळी, तापाची गोळी, ओआरएसची पाकिटं लिहून देते. रोजची औषधं दोन बॅगांत विभागून ठेवा, म्हणजे एक हरवली तरी अडणार नाही, हेही सांगते. ही यादी मी इतक्या वेळा लिहिली आहे की झोपेतही लिहीन. एक विषय मात्र त्या यादीत कधीच नसायचा. तो कसा आला, ते आज सांगणार आहे.

विषय लघवीचा आहे. वाचताना अवघडल्यासारखं वाटलं तर वाटू द्या. मलाही माझ्याच घरात हा विषय काढायला फार वर्षं लागली.

आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, 71 वर्षांच्या आहेत. शाळेत इतिहास शिकवायच्या. रक्तदाब जुना आहे, हृदयाचं पंपिंग थोडं कमी आहे आणि त्यासाठी इतर गोळ्यांबरोबर रोज सकाळी एक ‘पाण्याची गोळी’ असते. गुडघे दुखतात, पण घरातलं सगळं करतात. हा लेख त्यांना विचारून लिहिते आहे. "नाव घालू नकोस आणि उगाच रडकं लिहू नकोस," एवढ्या दोन अटी त्यांनी घातल्या.

मागच्या सप्टेंबरमध्ये आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर कोचीची सहल ठरत होती. मुलांना समुद्र हवा होता, नवऱ्याला मासे हवे होते आणि मला असं गाव हवं होतं जिथे डोंगर चढावे लागणार नाहीत. फोर्ट कोची त्या दृष्टीने उत्तम. जुनं गाव छोटं आणि सपाट आहे. पोर्तुगीज, मग 1663 पासून डच, मग 1795 पासून इंग्रज असे तीन मालक होऊन गेले आणि प्रत्येकाने काही ना काही मागे ठेवलं. बहुतेक ठिकाणं चालत नाहीतर रिक्षाने पाच-दहा मिनिटांत येतात.

आई भाजी निवडत ऐकत होत्या. नेहमीप्रमाणे म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या. मला नाही फिरायला आवडत. घराला कुणीतरी हवं."

हे वाक्य आमच्या घरात इतकं जुनं आहे की आम्ही ते ऐकून सोडून देतो. त्या दिवशीही सोडलं असतं. पण माझी लेक म्हणाली, "वास्को द गामा पहिल्यांदा कोचीलाच आला ना?" आईंचा हात थांबला. "कोझिकोडला. 1498. कोचीला तो नंतर आला आणि 1524 मध्ये नाताळच्या आदल्या दिवशी तिथेच गेला. तिथल्या चर्चमध्ये पुरला होता, चौदा वर्षांनी मुलाने पोर्तुगालला नेला." हे सगळं पालकाच्या जुडीकडे बघत. ज्या बाईने तीस वर्षं मुलांना हे शिकवलं, तिला ते गाव बघायचं नाही, हे मला पटेना.

पुढचे पंधरा दिवस मी काही बोलले नाही. पण त्यांचे प्रश्न ऐकत राहिले. गाडी किती वाजता सुटते, दिवसात किती चालायचं, असे प्रश्न त्या लेकीला विचारत होत्या, जणू सहज. आणि एकदा, "तिथे रस्त्यात मध्ये थांबायला जागा असते का गं?"

थांबायला जागा म्हणजे काय, हे कुठल्याही बाईला कळेल. मला डॉक्टर असून इतक्या उशिरा कळलं.

त्या रात्री स्वयंपाकघर आवरताना मी सरळ विचारलं. आधी त्या रागावल्या. मग म्हणाल्या की सात-आठ वर्षं झाली. शिंकलं, खोकलं की थोडी होतेच. पण त्याहून वाईट म्हणजे, लागली की थांबता येत नाही. बाहेरून आल्यावर किल्ली कुलपात जाते आणि तेवढ्यात होते. म्हणून कुठे जायचं असेल त्या दिवशी त्या सकाळपासून पाणी पीत नाहीत. आणि पाण्याची गोळी घेत नाहीत.

हे ऐकून माझ्या पोटात खड्डा पडला. कारण दोन वर्षांपूर्वी कोल्हापूरला नात्यातलं लग्न होतं. तीन दिवस आई तिथे होत्या. परत आल्या त्या पायाला सूज आणि दम घेऊनच. त्याच रात्री दवाखान्यात भरती करावं लागलं, दोन दिवस ऑक्सिजनवर होत्या. मी तेव्हा लग्नातल्या पापड-लोणच्यावरून त्यांना बरंच बोलले होते. त्यांनी ऐकून घेतलं. तीन दिवस गोळीच घेतली नव्हती, हे सांगितलं नाही.

"मला का नाही सांगितलंत?" असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "तू डॉक्टर आहेस खरी, पण सून आहेस."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मी तरी कुठे विचारलं होतं? साठीच्या पुढचे पुरुष आले की मी न चुकता विचारते, "लघवीला धार नीट होते का, रात्री किती वेळा उठता?" प्रोस्टेटची सवय आहे ना. बायकांना मात्र जळजळ होते का एवढंच विचारून पुढे जात होते.

आता थोडं शास्त्र सांगते, कारण त्याशिवाय पुढचं नियोजन समजणार नाही.

मूत्राशय ही स्नायूंची पिशवी आहे. मोठ्या माणसात त्यात साधारण 400 ते 500 मिलिलिटर लघवी मावते, पण ‘लागल्याची’ पहिली जाणीव त्याच्या निम्म्याच्या आतच होते. पिशवीचं तोंड बंद ठेवायचं काम ओटीपोटाच्या तळाचे स्नायू करतात. हे स्नायू म्हणजे खाली बांधलेली झोळी समजा. बाळंतपणं, पाळी गेल्यानंतर कमी झालेलं इस्ट्रोजेन, वाढलेलं वजन, वर्षानुवर्षांची बद्धकोष्ठता किंवा खोकला, यांनी झोळी सैल होते. मग पोटावर दाब आला, म्हणजे शिंकलं, हसलं, जड उचललं, की थोडी लघवी निसटते. हा एक प्रकार.

दुसऱ्या प्रकारात पिशवी पुरती भरण्याआधीच आवळते. एकदम लागते आणि धीर निघत नाही. दाराशी आलं, किल्ली हातात आली, नळाचा आवाज आला की मेंदूला ‘आता जायचं’ अशी सवयीची खूण मिळते आणि पिशवी आवळते. आईंचा ‘किल्लीचा’ अनुभव माझ्या ओळखीच्या अनेक रुग्णांनी जवळजवळ याच शब्दांत सांगितला आहे, अर्थात मी विचारायला लागल्यावर. वयस्कर बायकांत बहुतेक वेळा दोन्ही प्रकार मिसळलेले असतात. आणि गुडघे दुखत असतील तर तिसरी अडचण येते: लागल्याचं कळतं, पण उठून पोहोचायला वेळ लागतो.

पाणी न पिणं हा उपाय वाटतो, पण तो उलटा पडतो. लघवी घट्ट झाली की ती मूत्राशयाला टोचते, मग थोड्याशा लघवीलाही घाई होते. बद्धकोष्ठ वाढतं, त्याचा दाब पुन्हा मूत्राशयावर येतो. जंतुसंसर्गाची शक्यता वाढते. आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना पाणी कमी पडलं तर उठताना चक्कर येते. प्रवासात पडलेले म्हातारे लोक मी बरेच पाहिले आहेत.

तर सहल जानेवारीच्या मधल्या आठवड्यात ठरवली. हा महिना निवडायला कारण होतं. पावसाळा संपून हवा त्यातल्या त्यात बरी असते, आणि मुख्य म्हणजे मला तीन महिने हवे होते. ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम, ज्यांना केगेल म्हणतात, ते केल्याचा फरक दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. पंधरा दिवसांत काही होत नाही म्हणून सोडून देणाऱ्याच जास्त. डिसेंबरचा शेवटचा आठवडा मुद्दाम टाळला. तेव्हा तिथे कार्निव्हल असतो, 31 तारखेच्या रात्री समुद्राकाठी पप्पांजी नावाचा म्हाताऱ्याचा भला मोठा पुतळा जाळतात आणि पाय ठेवायला जागा नसते. गर्दीतून स्वच्छतागृह गाठणं तरुणांनाही जमत नाही. ज्या वर्षी कलेचं मोठं प्रदर्शन, म्हणजे बिएनाले, असतं तेव्हा डिसेंबर ते मार्च खोल्या महाग मिळतात, हेही बघून घ्या.

आधी आईंची लघवी तपासली, साखर तपासली. जंतुसंसर्ग किंवा मधुमेह असेल तर व्यायामाने काय होणार? दोन्ही नव्हतं. माझ्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ मैत्रिणीने तपासलं आणि योनिमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं मलम दिलं. पाळी गेल्यावर तिथली त्वचा पातळ आणि कोरडी होते, त्यामुळेही घाई वाढते. हे मलम सगळ्यांना चालतं असं नाही, स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर आधी बोलावं लागतं. घाई कमी करायच्या गोळ्याही असतात, पण त्यांतल्या जुन्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, शौचाला होत नाही आणि वयस्कर माणसाला गोंधळल्यासारखं होऊ शकतं. आईंना त्या द्यायच्या नाहीत असं ठरलं.

व्यायाम असा. वायू अडवताना आपण जे आवळतो, ते स्नायू आत-वर ओढायचे. पाच सेकंद धरायचे, पाच सेकंद पूर्ण सैल सोडायचे. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. हळूहळू पाचाचे दहा सेकंद करायचे. श्वास रोखायचा नाही, मांड्या किंवा पोट आवळायचं नाही. लघवी करताना मध्येच धार तोडून हा व्यायाम करू नका, असं बऱ्याच जणी करतात. आईंनी तो सकाळचा चहा, दुपारचं वर्तमानपत्र आणि रात्रीची मालिका यांना जोडून टाकला. जाहिराती लागल्या की त्या गंभीर चेहरा करून बसायच्या आणि मुलं विचारायची, आजी रागावली का?

दुसरा सराव घाईचा. एकदम लागली तर पळायचं नाही. पळालं की नक्की होते. जागच्या जागी थांबायचं, शक्य असेल तर बसायचं, ते स्नायू पटपट पाच-सहा वेळा आवळायचे आणि लाट ओसरू द्यायची. मग शांतपणे चालत जायचं. सुरुवातीला त्या दर तासाला जात होत्या. आठवड्या-आठवड्याने पंधरा मिनिटं वाढवत जानेवारीपर्यंत अडीच तासांवर आलो. दुपारचा तिसरा चहा बंद झाला, त्याबद्दल त्या अजून नाराज आहेत.

गोळीचं मी स्वतः ठरवलं नाही. घरच्या माणसाची औषधं आपण बदलू नयेत, हा माझा नियम आहे. त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना सगळं सांगितलं, अगदी कोल्हापूरचंही. आईंची गोळी फ्युरोसेमाइडची आहे. ती तोंडाने घेतली की तासाभराच्या आत काम सुरू करते, पहिल्या दोन तासांत सर्वांत जोर असतो आणि सहा तासांत काम संपतं. म्हणजे सकाळी सहाला घेतली तर दहा वाजेपर्यंत जोर ओसरलेला असतो. ज्या दिवशी भल्या सकाळी निघायचं असेल, त्या दिवशी परत आल्यावर दुपारी दोनला घ्या, पण चुकवू नका, असं ते म्हणाले. सात वर्षं ज्यावरून लपवाछपवी चालली होती, ते पाच मिनिटांत सुटलं. तुमच्या गोळीचं गणित वेगळं असेल, काही पाण्याच्या गोळ्या दिवसभर काम करतात. म्हणून आपल्या डॉक्टरांना विचारा. ‘गोळीची वेळ पुढे-मागे करता येईल का’ हा अगदी रास्त प्रश्न आहे. दिवसभरात किती पाणी प्यायचं तेही त्यांनी ठरवून दिलं, आणि त्यातलं बरंचसं संध्याकाळी सहाच्या आत.

नवऱ्याला विमानाने जायचं होतं. कोचीचा विमानतळ नेदुंबासेरीला आहे, तिथून फोर्ट कोची गाडीने दीड तास तरी लागतो, रहदारी असेल तर जास्तच. आईंनी रेल्वे मागितली. ठाण्याहून नेत्रावती एक्सप्रेस दुपारच्या सुमारास निघून दुसऱ्या दिवशी दुपारी एर्नाकुलमला पोहोचते. नवरा म्हणाला, एवढा वेळ? आई म्हणाल्या, "डब्याला संडास असतो." मुद्दा संपला. खालचा बर्थ मागून घेतला आणि चढल्याबरोबर कमोड कुठल्या टोकाला आहे ते लेक बघून आली.

राहण्याची जागा शोधताना मी जे प्रश्न विचारले, ते ऐकून एका घरमालकाने मला हॉटेल तपासणारी अधिकारी समजलं असावं. फोर्ट कोचीत जुन्या डच पद्धतीच्या घरांत छान खोल्या मिळतात. जाड भिंती, उंच छत, लाकडी जमीन. आणि त्याबरोबर उंच उंबरठे, अरुंद लाकडी जिने आणि अंधारे व्हरांडे. फोटोत हे सुंदर दिसतं. रात्री दोन वाजता झोपेत उठून बाथरूमला जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ते घातक आहे. अनोळखी खोलीत, अंधारात, घाईने जाताना पडून खुब्याचं हाड मोडणं ही मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिलेली गोष्ट आहे. म्हणून विचारा: खोली तळमजल्यावर आहे का, कमोड आहे का, पलंगापासून बाथरूमच्या दारापर्यंत किती पावलं, मध्ये पायरी आहे का, कचऱ्याच्या डब्याला झाकण आहे का. शेवटचा प्रश्न पॅडसाठी. आम्ही एक प्लगमध्ये लावायचा छोटा दिवा घरून नेला. पंचेचाळीस रुपयांचा. सगळ्या सामानात तोच सर्वांत जास्त कामाला आला.

पॅडबद्दल. पाळीचं पॅड आणि लघवीचं पॅड एक नसतं. पाळीच्या पॅडमध्ये लघवी पटकन शोषली जात नाही, कडेने येते, कातडी ओली राहून खाजते. लघवीसाठीचे वेगळे पॅड औषधांच्या दुकानात मिळतात. ते आधी घरी दोन-तीन दिवस वापरून बघा, प्रवासात पहिला प्रयोग नको. आईंनी ते वापरून बघितले आणि म्हणाल्या, "हे सात वर्षांपूर्वी माहीत असतं तर." त्यांनी साडीऐवजी ड्रेस घ्यायचं ठरवलं. सलवारीची नाडी आम्ही काढून टाकली आणि इलॅस्टिक घातलं, कारण घाईत नाडीला बसलेली गाठ किती महागात पडते हे सांगायला नको.

मग लेकीने फोर्ट कोचीचा नकाशा काढला. त्यावर तिने आजीसाठी निळे ठिपके केले: उपाहारगृहं, संग्रहालयं, आमची खोली, बोटीचा धक्का. दोन ठिपक्यांत रिक्षाने पंधरा मिनिटांहून जास्त अंतर नको, असा नियम. दिवसाचा कार्यक्रम ठिपक्यांवरून ठरला. मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो आणि सिनेगॉग शनिवारी, म्हणून तो दिवस गुरुवारी घेतला. राजवाडा पोर्तुगिजांनी बांधून राजाला दिला, पुढे डचांनी दुरुस्त केला आणि नाव त्यांचं लागलं. आत रामायणाची भित्तिचित्रं आहेत, पण वर जायला जिना आहे. आधी ठिपका, मग जिना.

मधुमेहींसाठी इथे एक गोष्ट: 1568 च्या सिनेगॉगमध्ये जोडे बाहेर काढावे लागतात. आतली जमीन चीनहून आणलेल्या हाताने रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या फरश्यांची आहे, ती थंड असते. त्रास बाहेरच्या तापलेल्या दगडाचा. पायाला बधिरपणा असेल तर चटका कळत नाही, फोड आलेला रात्री दिसतो. जाड मोजे जवळ ठेवा आणि रोज रात्री तळवे बघा.

डासांचाही उल्लेख करायला हवा. हत्तीपायाला एके काळी इंग्रज ‘कोचीन लेग’ म्हणत, इतका तो या भागात होता. चार दिवसांच्या पाहुण्याने त्याची काळजी करू नये, त्याला महिनोन् महिने डास चावावे लागतात. डेंगीचा डास मात्र दिवसा चावतो आणि एकदाच चावला तरी पुरतो. अंगभर कपडे आणि मलम, बस्स.

सहल कशी झाली, ते थोडक्यात. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये आई वास्को द गामाच्या रिकाम्या कबरीजवळ उभ्या राहिल्या आणि शेजारच्या दोन अनोळखी मुलांसकट सगळ्यांचा तास घेतला. बाहेरून दोरीने ओढायचे जुने कापडी पंखे अजून वर टांगलेले आहेत, ते ओढायला बाहेर कोण बसत असेल, असा प्रश्न त्यांनी मुलांना विचारला. चिनी जाळ्यांपाशी तासभर बसलो. एका टोकाला दगड बांधलेले असतात, चार-पाच माणसं दोर ओढतात आणि ती अवाढव्य जाळी पाण्यातून वर येते. मासे फारसे नव्हते. एर्नाकुलमहून येताना वॉटर मेट्रोने आलो, चढा-उतरायला ती म्हाताऱ्यांना सोपी आहे. हॉटेलांत पतंगीचं लाकूड घालून उकळलेलं गुलाबी पाणी देतात. आई ते मोजून पीत होत्या आणि मी रोज संध्याकाळी त्यांच्या घोट्यावर बोट दाबून खळगा पडतो का बघत होते. घरी असताना वजन बघतो, तीन दिवसांत दोन किलोहून जास्त वाढलं तर लगेच डॉक्टरांना कळवायचं असतं.

गुरुवारी मट्टनचेरीत, मसाल्याच्या दुकानांच्या रस्त्यावर, आमचा ठिपका चुकला. ज्या उपाहारगृहावर भिस्त होती ते बंद होतं. मी इकडेतिकडे बघते तर आई एका दुकानापुढे लवंगांच्या पोत्याजवळ स्तब्ध उभ्या. चेहऱ्यावर तोच जाहिरातींच्या वेळचा गंभीर भाव. मी काही बोलले नाही. अर्ध्या मिनिटाने त्यांनी श्वास सोडला आणि आत बसलेल्या म्हाताऱ्या बाईंकडे गेल्या. त्या बाई कोणाशी तरी फोनवर कोकणीत बोलत होत्या. गोव्याहून शतकांपूर्वी तिकडे गेलेली कोकणी कुटुंबं मट्टनचेरीत आजही आहेत. त्यांचं मोठं देऊळ आहे. डच काळात मलबारच्या वनस्पतींवर ‘होर्टुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ झाला, त्याला मदत करणाऱ्यांत इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याबरोबर तीन कोकणी वैद्यही होते. हे मी आदल्या दिवशीच मुलांना सांगितलं होतं आणि कुणी लक्ष दिलं नव्हतं.

आईंनी मराठीत, मोठ्या आवाजात विचारलं, "अहो, मला बाथरूमला जायचंय. तुमच्याकडे सोय आहे का?"

त्या बाईंनी फोन ठेवला, कोकणीत काहीतरी म्हणाल्या, आईंचा हात धरला आणि आत घेऊन गेल्या. दहा मिनिटांनी दोघी गप्पा मारत बाहेर आल्या. आम्ही तिथून अर्धा किलो लवंग घेतली, अजून संपली नाही.

सगळं ठीक झालं असं नाही. परतीच्या गाडीत रात्री एकदा उशीर झाला, कपडे बदलावे लागले. आईंनी बदलले, पिशवीची गाठ मारली आणि झोपल्या. पूर्वी त्या रात्रभर जाग्या राहिल्या असत्या.

तुमच्या घरी हा त्रास असेल तर एवढं लक्षात ठेवा: लघवीत रक्त दिसलं, तापाबरोबर जळजळ झाली, किंवा ताबा अचानक गेला आणि त्याबरोबर पायातली शक्ती कमी झाली, बसायच्या जागेला बधिरपणा आला किंवा लघवी अडकली, तर हे सगळं व्यायामावर सोडू नका, लगेच दाखवा. आणि पुरुषांनाही हे होतं.

मागच्या आठवड्यात आईंच्या सांगलीच्या बहिणीचा फोन आला होता. आम्ही मे महिन्यात सगळे मिळून पुद्दुचेरीला जायचं म्हणतोय, तर मावशी नको म्हणत होत्या. आईंनी थोडा वेळ ऐकून घेतलं, मग फोन माझ्या हातात दिला.

"घे, बोल तिच्याशी. तिलाही फिरायला आवडत नाही म्हणे."